दुसऱ्या गिअरमधलं लायसन्स

माननीय परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

कारचं पक्कं लायसन्स हवं असेल तर इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवावी लागते, एचमध्ये मागे घ्यावी लागते, चढावर थांबवून मागे न घसरता पुन्हा काढावी लागते. ही कौशल्यं लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण या चाचणीत गाडी सहसा दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही आणि काटा विसाच्या आसपास घुटमळत राहतो. लायसन्स हातात पडलं की दुसऱ्या दिवशी तोच उमेदवार समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटरने जायला कायद्याने मोकळा. वीस ते एकशेवीस यांच्या मधलं त्याने कुठे आणि कोणाकडून शिकायचं, हे विचारायला हे पत्र लिहिते आहे.

माझी मुलगी सध्या गाडी शिकते आहे. एप्रिलमध्ये शिकाऊ लायसन्स निघालं. सकाळी ड्रायव्हिंग स्कूल, संध्याकाळी आमची गाडी, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि शेजारी मी. नियमाप्रमाणे स्कूलचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान 10 तासांचं. बहुतेक ठिकाणी याचा हिशेब रोज अर्धा तास असा होतो आणि तो अर्धा तास गावातल्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. शिकवणाऱ्या सरांच्या पायाखाली स्वतंत्र क्लच आणि ब्रेक असतो. सुरक्षिततेसाठी तो हवाच, पण त्याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही. वेग किती ठेवायचा हा निर्णय त्या गाडीत शिकणाऱ्याचा नसतो. सर म्हणाले ‘दाब’ की दाबायचं, ‘सोड’ म्हणाले की सोडायचं, आणि तरी चुकलं तर सरांचा पाय आहेच. एकविसाव्या दिवशी मुलांना स्टिअरिंग येतं, हाफ क्लच येतो. वेग मात्र एकदाही स्वतः ठरवलेला नसतो.

म्हणूनच आमच्या गाडीत बसल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, ‘आई, इथे किती ठेवू?’

या प्रश्नाला सरकारी उत्तर आहे. केंद्र सरकारच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे कारला द्रुतगती मार्गावर 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100, नगरपालिकेच्या हद्दीत 70 आणि बाकीच्या रस्त्यांवर 70. राज्य सरकार आणि स्थानिक यंत्रणा याहून कमी मर्यादेची पाटी लावू शकतात. साताऱ्याहून कोरेगावला जाताना संगम माहुलीचा पूल लागतो, पुढे वस्ती, शाळा, उसाची शेतं. पाटी नसेल तिथे हा सगळा रस्ता ‘बाकीचे रस्ते’ या सदरात मोडतो. तिला मी सत्तर सांगू? सत्तर म्हणजे कायदा जास्तीत जास्त किती चालवून घेईल ते. शिकणारं पोर मात्र पाटीवरचा आकडा ‘इथे इतक्याने जा’ असा वाचतं, कारण तसं वाचू नकोस हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेसाठी तिने गोल चिन्हं, त्रिकोणी चिन्हं, सगळं तोंडपाठ केलं होतं. पाटी नसलेल्या रस्त्यावर काय करायचं ते त्यात कुठेच नव्हतं.

मी तिला सांगितलं, जेवढा मोकळा रस्ता डोळ्यांना दिसतो, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. दिसणं कमी झालं की वेग कमी. मग तिने साहजिकच विचारलं की गाडी थांबते तरी किती अंतरात. त्या संध्याकाळी आम्ही गाडी बाजूला लावून वहीत गणित केलं. दहावीपर्यंतचं विज्ञान पुरतं त्याला.

ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. 72 म्हणजे 20 मीटर, 108 म्हणजे 30. समोर काहीतरी आलं हे डोळ्यांनी पाहून, मेंदूला कळून, पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाईपर्यंत साध्या माणसाचा दीड सेकंद जातो. नवशिक्याचा थोडा जास्तच, कारण त्याचा पाय अजून पेडल शोधतो. या दीड सेकंदात ब्रेक लागलेलाच नसतो. 36 ला 15 मीटर, 72 ला 30 आणि 108 ला 45 मीटर गाडी अशीच निघून जाते. त्यानंतर ब्रेक. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर असं धरलं तर 36 ला आणखी सुमारे 7 मीटर, 72 ला सुमारे 29, 108 ला 64. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. एकूण बेरीज 22 मीटर, 59 मीटर आणि 109 मीटर. पावसात पकड निम्मी झाली तर यातला ब्रेकचा भाग दुप्पट करायचा.

तिला सगळ्यात जास्त धक्का बसला तो दुसऱ्या गणिताने. दोन गाड्या शेजारी-शेजारी, एक 50 ने, दुसरी 60 ने. दोघींनाही एकाच क्षणी समोर पोरगं दिसलं, दोघींनी सारखाच ब्रेक मारला. पन्नासची गाडी साधारण 35 मीटरवर उभी राहते. त्याच जागी साठच्या गाडीचा वेग अजून सुमारे 43 असतो. फरक दहाचाच होता, पण पहिली गाडी पोराच्या अलीकडे थांबली आणि दुसरी त्याच्यावर आदळली, तीही त्रेचाळीसने. पायी चालणारे आणि वाहनं जिथे एकत्र वावरतात तिथे वेग 30 च्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामागे हाच हिशेब आहे. आपल्याकडे अशी जागा कोणती नाही, हे शोधावं लागेल.

महोदय, हे गणित परीक्षेच्या प्रश्नसंचात असायला काहीच हरकत नाही. ते कुठल्याही भाषेत अर्ध्या पानात बसतं.

गणित कळलं म्हणून रस्ता कळत नाही, हेही खरं. वडाच्या सावल्यांचंच घ्या. जुन्या रस्त्यांवर दुपारी उन्हात डांबरावर आडव्या काळ्या पट्ट्या पडतात, आणि मध्येच एखादी पट्टी सावलीची नसून बिनरंगाच्या स्पीडब्रेकरची निघते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, 25 च्या वेगाने सहज ओलांडता येईल असा हवा. गावोगावचे स्पीडब्रेकर कुणी कुठल्या मापाने घालतं ते गावाला माहीत. हे आपलं खातं नव्हे, ठाऊक आहे. पण त्या रस्त्यावर चालवायचा परवाना आपलं खातं देतं, म्हणून सावलीत वेग का उतरवायचा हे आपण विचारायला हवं.

थांबलेल्या एसटीच्या पुढून माणूस निघणार, हे धरूनच चालायचं. माणूस दिसल्यावर ब्रेक मारण्याची ती जागा नव्हे. एसटी दिसली की आधीच वेग खाली. शाळा सुटायची वेळ असेल तर आणखी खाली. वळणाचंही तसंच. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा, गिअर तिथेच टाकायचा आणि वळणात गाडी अलगद ओढत न्यायची. बहुतेक नवशिके वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबतात. टायरला वळायचंही काम आणि थांबायचंही काम एकदम दिलं की दोन्ही अर्धवट होतात.

रात्रीचा हिशेब वेगळा. लो बीमच्या उजेडात उपयोगाचं दिसतं ते साधारण पन्नासेक मीटर. 72 च्या वेगाला थांबायला 59 मीटर लागतात, हे वर आलंच. म्हणजे ‘बाकीच्या रस्त्यावर’ रात्री सत्तरने जाणारा माणूस कायद्यात बसतो, उजेडात बसत नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस रात्रीच्या काळोखात काळाच दिसतो. त्यातून बैलगाड्या वेगळ्या. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा दर वर्षी निघतात, त्या निघाव्यात. पण ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याने रिफ्लेक्टर नसणारच असं धरून साठाच्या आत राहायचं, आणि समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यांवर आला की त्याहूनही खाली यायचं, हे त्याला कोण सांगतं?

स्पीडोमीटर कधी बघायचा, हेही शिकवावं लागतं. पुणे-सातारा महामार्गावर तासभर नव्वदने आलेल्या माणसाला गावात शिरल्यावर साठ म्हणजे रांगणं वाटतं. शरीराची जाणीव फसवते. मुलीला मी मार्चच्या सुट्टीत शेजारच्या सीटवर बसवून हा प्रयोग दाखवला होता. महामार्ग सोडला की तिने डोळे मिटून वेग सांगायचा. ‘पस्तीस असेल’ म्हणाली तेव्हा काटा पंचावन्नवर होता. महामार्गावरून उतरल्यावर पहिली काही मिनिटं अंदाजावर जायचं नाही, काट्यावर जायचं.

1 जुलै 2019 नंतरच्या नव्या गाड्यांत 80 ओलांडले की बीप वाजतो आणि 120 च्या वर तो थांबतच नाही. चांगली सोय आहे. पण त्यातून पोरांच्या डोक्यात एक उलटी समजूत बसते, की बीप नाही म्हणजे सगळं ठीक. गाडीला फक्त आकडा कळतो. रस्ता ओला आहे, पुढे लग्नाची वरात आहे, डावीकडून म्हशी येताहेत, हे तिला कळत नाही. 79 चा आकडा साताऱ्याच्या पोवई नाक्यावरही बीपशिवायच जातो.

आता घाट. आम्ही यवतेश्वरचा घाट निवडला होता, सकाळी लवकर, वर्दळ नसताना. चढताना तिला काही विशेष वाटलं नाही. उतरताना तिने जे केलं ते सगळे करतात: तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली आणि ब्रेकवर पाय ठेवून बसली. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, इंजिनलाच गाडी रोखून धरू द्यायची, ब्रेक अधूनमधून वापरायचा. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी पकडत नाही. याची सगळ्यात भयंकर शाळा पुण्यात आहे. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका अवजड वाहनाने एका झटक्यात 48 गाड्यांचं नुकसान केलं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, वेळप्रसंगी इंजिनच बंद करायचं, ही सवय या उताराच्या संदर्भात वर्षानुवर्षं बोलली जाते. ती सवय लावणारा माणूसही कधीतरी शिकाऊ होता.

इथे आपल्या खात्याशी थेट संबंध येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला पंधरावा नियम चाचणीत उमेदवाराने काय करून दाखवायचं ते सांगतो. टॉप गिअरपर्यंत सगळे गिअर टाकत गाडी नेणं त्यात आहे. परिस्थितीनुसार टॉप गिअरवरून पटकन खाली येणं त्यात आहे. उतारावर खालच्या गिअरमध्ये येणंही त्यात आहे. म्हणजे मी नवीन काही मागत नाही. नियमाने 1989 सालीच जे मागितलं, ते आठाच्या आणि एचच्या ट्रॅकवर तपासताच येत नाही, कारण तिथे टॉप गिअरला जागा नाही. पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात हातपाय मारून दाखवले, आता पुरात उडी मारायला हरकत नाही, असा तो दाखला होतो.

कमी वेग म्हणजे सुरक्षित वेग, असंही मी म्हणत नाही, आणि हे शिकवताना मला जास्त त्रास झाला. सर्व्हिस रोडवरून महामार्गावर शिरताना मुलगी 30 ने शिरायला बघत होती. मागून ट्रक 70-80 ने येताहेत. अशा वेळी कडेच्या पट्टीवरच वेग वाढवून, आरशात फट बघून, येणाऱ्या रांगेच्या वेगाला जुळवून आत शिरावं लागतं. दाबायचं कधी, हेही वेग ठरवण्यातच येतं, आणि 21 दिवसांत दुसऱ्या गिअरमध्ये तेही शिकून होत नाही. महामार्गावर उजव्या लेनमध्ये पन्नासने चिकटून राहणाऱ्या नवशिक्यांना लोक शिव्या देतात. त्यांना लेन आणि वेग यांचं नातं कुणी सांगितलेलं नसतं, शिव्यांतून ते कळतही नाही.

मग मागचे हॉर्न. ‘एल’ लावलेली गाडी दिसली की सांभाळून घ्यावं अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात ती पाटी म्हणजे हॉर्न वाजवायचं आमंत्रण ठरते. त्यात काचेतून मुलगी दिसली तर विचारूच नका. मुलांना वेग शिकवायचा असेल तर सगळ्यात अवघड धडा हा आहे, की मागच्याच्या घाईने आपला काटा हलता कामा नये. डावीकडे जागा झाली की साइड द्यायची, हाताने पुढे जा म्हणायचं. गाडीतले लोक तर मागच्या हॉर्नहून वाईट. ‘अगं, बैलगाडी पण पुढे जाईल’ हे वाक्य प्रत्येक घरात एका काकांचं असतं. आमच्या घरातल्या काकांना शिकण्याच्या काळात गाडीत बसायला बंदी आहे.

केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, आणि त्यातले 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदले गेले. यातल्या किती गाड्या पाटीवरच्या मर्यादेच्या वर होत्या आणि किती मर्यादेच्या आत असूनही त्या वळणाला, त्या पावसाला जास्त होत्या, हे रकाना सांगत नाही. कॅमेरा पहिल्यांना पकडतो. दुसऱ्यांपर्यंत कुणीच पोचत नाही, आणि माझी भीती दुसऱ्यांचीच आहे, कारण चांगली, नियम पाळणारी मुलं तिथेच सापडतात.

तर मागणं एवढंच. ट्रॅकवरची चाचणी झाल्यावर प्रत्येक उमेदवाराला खऱ्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर न्यावं. मोटार वाहन निरीक्षकांनी गप्प बसावं आणि उमेदवाराने बोलत चालवावं: ‘वळण आहे, पलीकडचं दिसत नाही, तिसरा टाकते, पस्तीस. एसटी उभी आहे, सोडते. रस्ता मोकळा, पन्नास.’ आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर नापास करू नये, पण कारण सांगता आलं नाही तर जरूर करावं. आम्ही संध्याकाळी हेच करतो. शिकणाऱ्याचे डोळे कुठे आहेत हे त्याच्या तोंडून लगेच कळतं. मुलगी बॉनेटच्या पुढच्या दहा मीटरबद्दलच बोलत होती, तेव्हा मला समजलं की ती लांब बघतच नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे परवाने आपल्याच कार्यालयांतून दिले जातात आणि त्यांचं नूतनीकरणही तिथेच होतं. त्या वेळी 21 पैकी किती दिवस गाडी गावाबाहेर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गेली आणि एकदा तरी अंधारात चालवली का, याची नोंद मागता येईल.

निरीक्षक कमी, उमेदवारांची रांग मोठी, हे उत्तर मला माहीत आहे आणि ते खोटं नाही. पण ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांनी चाचणी छोटी करावी, चुकीची करू नये. समांतर पार्किंग चुकलं तर बंपरला चरा पडतो. दोन किलोमीटरच्या रस्त्यासाठी वेळ काढायचाच झाला, तर तो तिथून काढावा.

एक गोष्ट आपल्या हातात नाही, ती दिल्लीकडे मांडावी. शिकाऊ लायसन्स निघाल्यावर 30 दिवसांनी पक्क्यासाठी अर्ज करता येतो आणि त्यानंतर शिकाऊपणाचं काहीच उरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला 120 तासांचं नोंदवहीत लिहिलेलं चालवणं दाखवावं लागतं. शिकताना आणि लायसन्सच्या पहिल्या टप्प्यात त्याच्यावर ताशी 90 ची मर्यादा असते, दुसऱ्या टप्प्यात 100 ची. आपल्याकडे पहिल्या वर्षासाठी अशी खालची मर्यादा आणि मागच्या काचेवर तशी पाटी, इतकं केलं तरी घरातल्या काकांना उत्तर देणं सोपं होईल.

माझ्या मुलीची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. ती पास होईल, आठ आणि एच तिचे पक्के झाले आहेत. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर तिने अजून ब्रेक मारलेला नाही, धुक्यात यवतेश्वर उतरलेली नाही, आणि साखर कारखाने सुरू होतील तेव्हा तिच्या लायसन्सला चार-पाच महिने झालेले असतील. उसाच्या ट्रॉलीमागे रात्री किती ठेवायचं हे ती पक्कं लायसन्स खिशात ठेवूनच शिकणार आहे. मी शेजारी बसेन. ज्यांच्या शेजारी बसायला कुणी नाही, त्यांच्यासाठी हे पत्र.

आपली,
एका शिकाऊ चालकाची आई
सातारा